बाळासोदादाची झोप

९ जानेवारी

ही डायरी आण्णांनी दिली. खताच्या दुकानदाराने त्यांना फुकट दिलेली, प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलेला. आण्णा म्हणजे लालासाहेब, बाळासोदादाचे वडील, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. म्हणाले, "घे. दिवसभर मोबाईल चोळत बसतोस, त्यापरास कायतरी लिव्ह. आमी बर्फात बसून लिवायचो." बर्फात शाई गोठत नव्हती का, हे अगदी ओठावर आलं होतं. पण आण्णांना प्रश्न विचारला की ते पार भरतीच्या दिवसापासून सुरुवात करतात आणि तोवर भाकरी गार होते.

तर मी मल्हार. आमची वाडी कवठे महांकाळच्या पलीकडं. बाप हरिबा अजून मेंढरं घेऊन हिंडतो. मीही हिंडतोच, फक्त मेंढरं नाहीत. दहावीला गणितात बसलो ते बसलोच. मग चुलतभावाबरोबर कोईमतूरला गलाईच्या दुकानात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या भट्टीपाशी. मग गोव्यात हॉटेलात, मग जेसीबीवर, मग तासगावला बेदाण्याच्या शेडवर. कुठंच वर्ष-दीड वर्षाच्या वर टिकलो नाही. भांडण नाही, काही नाही, नुसतं एक दिवस उठून चालायला लागतो.

आता ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर. आम्हाला पायलट म्हणतात. आईने वाडीत तेवढंच सांगितलं, पोरगं पायलट झालं. परवा एक म्हातारी विचारत होती, वरनं आमचं घर दिसतं का रं?

गाडी कडेगावच्या पुढं शेरेफाट्यावरच्या आरोग्य केंद्रात असते. दिवसा मी आणि गाडीवरच्या डॉक्टर संयोगिता मॅडम, रात्री पायलट बाळासोदादा आणि म्हातारे डॉक्टर. बारा तास आम्ही, बारा तास ते. राहतो बाळासोदादाच्याच गोठ्याशेजारच्या खोलीत. त्यानेच बोलावलं. म्हणाला, "भाड्याच्या खोलीत कुठं मरतोस गड्या, आमच्यात चल." असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

१२ जानेवारी

आज चूक माझी. सकाळी गाडी ताब्यात घ्यायला निघालो तर वाटेत तलावावर लांब पायांचे पांढरे पक्षी उतरलेले, सगळे एका पायावर उभे. मोटरसायकल लावून बघत बसलो. वाटलं, दमला की पाय बदलत असेल, तो कवा बदलतो ते बघू. एकानेही बदलला नाही.

फाट्यावर पोचलो तर गाडी गेलेली. ऊसतोडीच्या फडातून फोन आला होता, एका बाईच्या पायावर कोयता बसलेला. रात्रभर जागलेला बाळासोदादा तसाच परत गाडीवर बसला, मागं मॅडम. बाईला पोचवलं. परत येताना मॅडम पुढं बसल्या आणि सरळ रस्त्यावर दादाचा डोळा लागला. मॅडमनी स्टेअरिंग ओढलं. डावीकडचा आरसा बाभळीला देऊन आले.

गाडी उभी राहिल्या राहिल्या मॅडम म्हणाल्या, "बाळासाहेब, काल दिवसा किती झोपलात?"

"झोपलो की मॅडम. बक्कळ."

"बक्कळ म्हणजे?"

"धार काढली, वैरण आणली, मग आडवा झालो. तवर सोसायटीचा माणूस आला. त्यो गेला मग पाव्हणं आलं."

"म्हणजे झोपलाच नाहीत."

"डोळं मिटलं व्हतं की."

मॅडम साताऱ्याच्या, बोलणं मऊ, पण मऊ बोलतात तेव्हाच जपून राहावं. म्हणाल्या, "दारू पिऊन चालवणारा आणि जागून चालवणारा, दोघांचं डोकं सारखंच काम करतं." दादा दुखावला. म्हणाला, "मॅडम, माळकरी हाय मी."

"परत एकदा असं दिसलं तर मला तुमच्या नावाने वर कळवावं लागेल. मला नको आहे ते. पण कळवीन."

आमची नोकरी ठेकेदाराची. वर कळवलं की माणूस घरी, चौकशी वगैरे काही नसतं. दादा अंगठ्याने माती उकरत उभा राहिला. मी वेळेवर आलो असतो तर तो तेव्हा घरी असता.

१५ जानेवारी

मॅडमनी औषधांच्या रिकाम्या खोक्यांची खोली रिकामी करायला लावली. विट्याहून काळं कापड आणलं. बाळासोदादाच्या बायकोने, म्हणजे प्रियदर्शनीवैनींनी, मशिनवर त्याचे पडदे शिवून दिले. आत एक खाट, एक पंखा. मॅडमचं म्हणणं, कॉल नसेल तेव्हा माणसाने अर्धा तास जरी अंधारात पडलं तरी डोकं धुतल्यासारखं होतं. दारावर कागद लावला: आत कुणीतरी झोपले आहे, हाक मारू नये.

दुपारी बीपी बघायला आलेल्या एका आजोबांनी कागद मोठ्याने वाचला आणि दार वाजवलं. "कोन झोपलंय वो आत?"

मी आतून म्हणालो, "मी."

"बरं बरं, झोप बाबा."

२० जानेवारी

चार दिवस बाळासोदादाला दिवसा झोपवायचा खटाटोप केला. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू त्यांच्या घरी राहतोस. बघ ना जरा." कुणी मला असं काही सोपवत नाही, म्हणून मनावर घेतलं.

खिडकीला ओलं पोतं लावलं. कुत्रं लांब बांधलं. वैनींना सांगितलं, भांडी नंतर घासा. पण या गावात दिवसा झोपलेला माणूस म्हणजे एक तर आजारी नाहीतर दिवाळखोर. जो येतो तो दारातून विचारतो, "काय वो, बाळासो बरं न्हाई व्हय?" आणि दादा बिचारा उठून बसतो, बरं आहे हे दाखवायला. आण्णा तर ओसरीवरून मुद्दाम मोठ्याने बोलतात. "आमी पोस्टवर तीन तीन रात्री डोळं मिटलं न्हाईत. दुश्मन समोर. ह्येला घरात ऊन लागतंय."

"आण्णा, दादा रातभर गाडीवर हुता."

"गाडीवर बसूनच हुता न्हवं?"

दादा पोत्यामागं पडल्या पडल्या हसत होता. म्हणाला, "मल्ह्या, सोड. ही झोप माज्या नशिबात बसत न्हाई."

२३ जानेवारी

मॅडमनी तिसरा पायलट मागितला होता. वरून उत्तर आलं, मंजूर नाही. मॅडमनी फोन ठेवला आणि बराच वेळ पडद्याची दोरी नुसती बोटाला गुंडाळत बसल्या.

मग मला सुचलं. दिवसा घरात झोपता येत नाही ना? मग रात्री झोपावं, चार माणसांसारखं. रात्री कोण विचारायला येतंय? त्याच्या रात्री मी करायच्या. कागदावर नाव त्याचंच राहू दे. म्हातारे डॉक्टर काही बोलणार नाहीत, त्यांना घरी झोप येत नाही आणि इथं येते, म्हणून तर ते रात्रीपाळी मागून घेतात. संध्याकाळी दादाने येऊन दोन-चार तास गाडी सांभाळायची, तेवढ्यात मी काळ्या पडद्याच्या खोलीत. मॅडमना सांगायचं नाही. त्या नाही म्हणतील.

दादा आधी ऐकेना. "आन तू कवा झोपनार?"

मी म्हणालो, "दादा, आमी धनगर. आमच्यात कोन झोपतंय?"

हे खरं आहे. तळावर चार-पाच बिऱ्हाडं असतात, पाळीपाळीने राखण. पण ज्याची पाळी नाही तोही पुरता झोपत नाही. एक कान उघडा ठेवून पडायचं. कोकरू खोकलं तरी जाग येते आणि लगेच परत झोप. लहानपणापासून माझी झोप अशीच तुकड्यातुकड्यांची. रात्री दोन कॉल आले तर आले, मधल्या वेळात मी पडीन, उठीन. हे उसाच्या पट्ट्यातल्या माणसांना जमायचं नाही.

शेवटी दादा म्हणाला, "थोडं दीसच हां. लेकरा."

लेकरा म्हणाला.

२८ जानेवारी

जमतंय. सकाळी मॅडम यायच्या आधी नळाखाली डोकं धरतो, केस विंचरतो आणि नुकताच आल्यासारखा फाटकाबाहेरून चालत येतो. मॅडम रोज विचारतात, "मल्हार, झोप झाली?" मी म्हणतो, "झाली मॅडम." त्यांना बरं वाटतं.

बाळासोदादाचं तोंड उजळलंय. काल संध्याकाळी गाणं म्हणत आला. मॅडम जाता जाता थांबल्या, त्याच्याकडं बघून हसल्या. म्हणाल्या, "बघा, झोपेनं माणूस कसा दिसतो." दादाने माझ्याकडं बघितलं नाही, मी दादाकडं नाही.

मला आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय की एखादी गोष्ट आपण धरली आणि ती धरलेली राहिली.

३ फेब्रुवारी

लय भारी बातमी. बाळासोदादाच्या उसात बिबट्या! आण्णांनी बघितला. आता लाईट रात्रीचीच येते, त्यामुळं उसाला पाणी पाजायला आण्णाच रात्री बॅटरी घेऊन जात होते. दादा ड्युटीवर असायचा, दुसरं कोण जाणार? तर पाटाच्या कडेला बांधावर बसलेला, मांजरासारखा. आण्णा म्हणतात त्याने आण्णांना बघितलं, आण्णांनी त्याला बघितलं आणि तो निघून गेला. वैनी म्हणाल्या, बॅटरी तिथंच टाकून आले आणि चप्पल एकच होती.

सगळ्या गावाने ठसे बघून घेतले. मीही दुपारी मॅडमना सांगून अर्ध्या तासाने येतो म्हणून गेलो. ठसा केवढा, माझ्या तळहाताएवढा. पावलांच्या मागं मागं बांधावरून चालत गेलो, पार ओढ्यापर्यंत. परत आलो तर मॅडम गाडीशी उभ्या. कॉल आला नव्हता, नशीब. रागावल्या नाहीत, पण "मल्हार," एवढंच म्हणाल्या.

वैनींनी आण्णांना सांगितलंय, रात्री पाऊल बाहेर टाकायचं नाही. आमच्याकडं पाणीच नाही, त्यामुळं पाणी पाजणं वगैरे मला काही कळत नाही. पण मेंढरं असती तर बिबट्याचं मी बरोबर बघितलं असतं.

९ फेब्रुवारी

दादा आज संध्याकाळी उशिरा आला. पायांवर गुडघ्यापर्यंत सुकलेला चिखल. म्हटलं, बघा, रात्री झोप मिळाली की माणसाला दिवसा कामाचा कसा हुरूप येतो. त्याला तसं बोललोही. तो म्हणाला, "व्हय की." मग नळावर जाऊन लय वेळ पाय धूत बसला.

ऊस मात्र झकास आलाय. रस्त्यावरून बघितला तरी काळा हिरवा दिसतो. आजूबाजूचे पिवळे पडलेत.

१४ फेब्रुवारी

पहाटे कराडला एकाला पोचवून येताना मेंढरं आडवी आली. शे-सव्वाशे असतील. मी ब्रेक मारला, म्हातारे डॉक्टर मागं खडबडून जागे झाले. खाली उतरलो तर रस्ता मोकळा. इतक्या लवकर कळप उसात घातला म्हणजे हाकणारा कसबी माणूस असला पाहिजे. लेंड्या शोधल्या, मिळाल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "काय रे?" म्हटलं, "मेंढरं." ते परत झोपले.

बापाची आठवण आली. त्याला फोन लावला. म्हणाला, "सकाळीच तर लावला व्हतास की." मी नव्हता लावला.

१७ फेब्रुवारी

आज चहात मीठ पडलं. म्हातारे डॉक्टर हसले.

१८ फेब्रुवारी

आज चहात मीठ पडलं. डॉक्टर हसले. हे कुठंतरी लिहिलंय काय मी?

२१ फेब्रुवारी

वैनी आज डबा घेऊन स्वतः फाट्यावर आल्या. एरवी येत नाहीत. काळ्या पडद्याच्या खोलीत डोकावल्या, खाटेवरची चादर झटकली, परत घातली. म्हणाल्या, "भावजी, डोळं कसं झाल्यात तुमचं. तुमी तरी झोपत जावा."

"तुमी तरी" का म्हणाल्या कळलं नाही. मी म्हणालो, "दादा झोपतोय न्हवं? मग झालं."

त्या काहीतरी बोलणार होत्या. "भावजी, ह्येनी..." एवढं म्हणाल्या आणि तेवढ्यात दादाची मोटरसायकल आत आली. मग म्हणाल्या, "कालवण सांडलंय वाटतं डब्यात, बघा," आणि गेल्या.

सांडलं नव्हतं.

दादाला म्हणालो, अजून किती दिवस करू? म्हणजे थकलो नाही, सहज विचारलं. तो म्हणाला, "एवढं दोन पाण्यावर येऊ दे." मला वाटलं पावसाचं म्हणतोय.

३ मार्च

आठ-दहा दिवस लिहिलं नाही. आता लिहितो, कारण पोलीस परत विचारणार आहेत आणि माझ्या डोक्यात ते दर वेळी वेगळ्या बाजूने येतं.

सांगलीला पेशंट सोडला. माधवनगर मागं टाकलं. दुपार, ऊन डोक्यावर. मॅडम पुढं माझ्या शेजारी. त्या साताऱ्याच्या घराचं सांगत होत्या. गच्चीवरून किल्ला दिसतो, लहानपणी त्यांना वाटायचं की किल्ला रोज थोडा जवळ सरकतो आणि एक दिवस दारात येणार. मला ते लय आवडलं. निघताना त्यांनी विचारलं होतं, "झोप झाली?" मी म्हणालो होतो, "झाली मॅडम." मग म्हणाल्या, "मल्हार, मी जरा डोळे मिटते. तू बोलत राहा, म्हणजे मला कळेल तू जागा आहेस."

मी बोलत होतो. कोईमतूरचं सांगत होतो. गलाईच्या दुकानातली धूळसुद्धा टाकत नाहीत, झाडून ठेवतात, ती जाळून गाळली की तिच्यातनंही सोनं निघतं. सगळं नीट सांगत होतो. शेवटपर्यंत मला माझा आवाज ऐकू येत होता.

रस्त्याच्या कडेला उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या, चाक बदलायला. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पलीकडच्या चाकाशी वाकलेला, म्हणून वाचला. आमची डावी बाजू गेली. मॅडमची बाजू.

मला कपाळाला टाके. बाकी काही नाही. आम्हाला न्यायला दुसऱ्या केंद्रावरची ॲम्ब्युलन्स आली. तिच्या पायलटने माझं तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "झोपला व्हतास?"

मी म्हणालो, "न्हाई."

५ मार्च

मॅडमच्या कमरेचं हाड मोडलंय आणि मणक्याला लागलंय. दोन ऑपरेशनं झाली. जिवाचा धोका नाही म्हणतात. पायाचं विचारलं तर म्हणतात, बघू. साताऱ्याहून त्यांचे आईवडील आलेत. वडील माझ्यासमोरून चारदा गेले, मी कोण हे त्यांना माहीत नाही. चौथ्या वेळी म्हणाले, "बाळा, तुलाही लागलंय का?" मी मान हलवली.

दुपारी वैनी हॉस्पिटलात आल्या. माझ्या बाकड्यावर लांब बसल्या. पदर तोंडात धरून रडल्या. मग एका दमात बोलल्या.

"भावजी, मला राहवत न्हाई आता. ह्येनी झोपलंच न्हाईत. आण्णांनी बिबट्या बघितल्यापासनं रोज रातच्याला पाणी ह्येच पाजत व्हते. मी म्हनलं, त्यो पोरगा तुमच्यासाठी मरतोय आन तुमी... तर म्हनले, ऊस वाळला तर झोपून करू काय? म्हनले, दोन पाणी झाली की सांगतो त्येला. तुमी तिकडं जागं आन ह्ये हिकडं."

सगळं ऐकलं. चिखल, काळा हिरवा ऊस, दोन पाणी. मला राग यायला पाहिजे होता. मी वाट बघितली रागाची. पण वैनी बोलत होत्या आणि मला झोप येत होती, असली झोप की बाकड्याचं लोखंड मऊ लागत होतं. त्यांच्यासमोरच आडवा झालो. उठलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, अंगावर त्यांची शाल होती आणि त्या गेल्या होत्या.

त्यानंतर झोपलो नाही. म्हणजे पडतो, डोळे मिटतो. लागत नाही.

८ मार्च

पोलिसांकडं जो कागद गेलाय त्यावर रात्रीचा पायलट बाळासोदादा. वरच्या ऑफिसचं म्हणणं असं की दिवसाचा पायलट रात्री झोपलेला होता, म्हणजे ताजा होता, म्हणजे त्याचीच हयगय. म्हातारे डॉक्टर म्हणाले, मला काही माहीत नाही, मी आत होतो.

काल दादा आला. टपरीवर दोन चहा घेतले, प्यायला नाही. म्हणाला, "मल्ह्या, मी सांगतो की गाडी मीच चालवत व्हतो. तुजं नावच नगं. तू जा कोईमतूरला. तुजं अजून लगीन व्हायचंय."

"मॅडमनी मला बघितलंय दादा."

"त्या सुदीवर येस्तवर तर जा."

"आन तू?"

"माजं काय, ऊस हाय की." हे बोलला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. टपरीवाला बघायला लागला. एवढा मोठा माणूस, मिशा, आणि रडत होता. म्हणाला, "एकदा तरी तुला सांगायचं व्हतं रं. रोज येताना वाटंत ठरवायचो. तुजं त्वांड बघितलं की..."

मीही मॅडमना रोज "झाली" म्हणतच होतो.

रात्री मिरजेला गेलो. स्टेशनवर पिशवी घेऊन बसलो. कोईमतूरकडं जाणारी गाडी लेट होती. ती वेळेवर आली असती तर मी गेलो असतो, हे इथं लिहून ठेवतो. लेट होती म्हणून विचार करायला वेळ मिळाला आणि मला विचाराची सवय नाही. सकाळी चौकीत जाऊन सगळं सांगितलं. चालवत मी होतो, रात्रीही मीच होतो, दोघांच्या पाळ्या मीच करत होतो.

लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "म्हणजे तू झोपायचास कधी?"

मी उत्तर दिलं, ते त्यांनी लिहिलं नाही.

१४ मार्च

दोघांनाही काढलं. मला पुढं कोर्टात जायचंय.

आज मॅडमना भेटू दिलं. खाटेवर सपाट, मान हलवता येत नाही, म्हणून त्यांना दिसेल असं वाकून उभा राहिलो. म्हटलं रडतील, किंवा म्हणतील असू दे.

"मी तुला रोज विचारत होते."

"व्हय मॅडम."

"रोज. उगीच नव्हते विचारत."

"दादाची नोकरी..."

"दोघांची गेली ना?" आवाज मऊच. "माझे पाय गेले ते वेगळंच. तू खरं सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी गाडी बंद ठेवली असती. भांडले असते, ठेवली असती. तेवढ्यासाठीच विचारत होते." मग म्हणाल्या, "जा आता. मला दमायला होतं."

बाहेर आलो. त्यांचे वडील दारात उभे होते. आता त्यांना माहीत होतं मी कोण. ते बाजूला सरकले, मला जायला वाट दिली.

२३ मार्च

गावी जाता येत नाही, तारीख जवळ आहे. शेरेफाट्यावरच पडून आहे, आरोग्य केंद्राच्या शिपायाने काळ्या पडद्याची खोली उघडून दिली. म्हणाला, "कोन वापरतंय आता." खाट तीच. पंखा तोच. अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळत नाही. झोप नाही.

वैनी परवा म्हणाल्या, दादा आता झोपतो. दिवसा झोपतो, रात्री झोपतो, जेवायला उठवलं तर कूस बदलतो. कुणी दारातून हाक मारली तरी उठून बसत नाही. आण्णा काही बोलत नाहीत. पाणी पाजायला आण्णा जातात, वैनी पुढं घमेलं वाजवत चालतात.

बदली गाडी आलेली नाही. येईल म्हणतात. चाळीसेक गावं या गाडीवर होती. लोक ॲम्ब्युलन्सच्या सरकारी नंबरला फोन लावत नाहीत, त्यांना वाट बघा म्हणतात म्हणून. सरळ आम्हालाच लावतात, बाजारात भेटलेल्या प्रत्येकाला मी माझा नंबर देऊन ठेवलेला. तो अजून तसाच सगळीकडं आहे. दिवसातून दोन-चार वाजतातच. प्रत्येकाला सांगतो, गाडी नाही, मी कामावर नाही. कुणी शिव्या देतं, कुणी "बरं" म्हणून ठेवतं. ठेवलेलं जास्त वाईट. सिम काढून टाकायचं ठरवलं, पिनही शोधली, काढलं नाही.

आज दुपारी एका बाईचा आला. कुठल्या तरी वस्तीवरून, मागं कुत्रं भुंकत होतं.

"दादा, आमच्या मामंजींस्नी धाप लागलीया. व्हट निळं पडल्यात. गाडी लावा की लगोलग."

"ताई, गाडी न्हाई हितं. जीप बघा कुनाची तरी."

"जीप न्हाई. मानसं समदी फडावर गेल्यात. मी एकलीच हाय. आडवं केलंय त्येस्नी, पानी पाजू का?"

"आडवं करू नगा," मी उठून उभा राहिलो. "ताई, ऐका. त्येस्नी उठवा. पाय खाली सोडून बसवा, पाठीला उशी लावा, वाकळ लावा, कायबी लावा. सदऱ्याची बटनं काढा. पानी नगं. दार उघडा सगळं."

मॅडमनीच शिकवलेलं. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. बाईचा जोर लावल्याचा, खाट करकरल्याचा. "मामंजी, बसा, बसा, धरलंय मी." मग धापेचा आवाज, फोनच्या अगदी जवळ, करवत चालल्यासारखा.

"बसवलं," ती म्हणाली. "पर डोळं मिटाय लागल्यात वो."

"मिटू दिऊ नगा. बोलत ऱ्हावा त्येंच्यासंगं. त्येंचं नाव घ्या. मी जीप बघतो, फोन ठिऊ नगा. कंची वस्ती?"

तिने नाव सांगितलं, पण कुत्र्याच्या भुंकण्यात गेलं. मी परत विचारलं. तेवढ्यात फोन कट झाला.

परत लावला. घंटी वाजली आणि थांबली. परत लावला. अनवाणीच रस्त्यावर आलो, हात करून एक टेम्पो थांबवला. टेम्पोवाला म्हणाला, "कुठं जायाचंय?" मी फोन कानाला लावून उभा होतो, घंटी वाजत होती. तो परत म्हणाला, "आरं बोल की, कुठं?"

मला माहीत नव्हतं.